औषधाने अपाय झाल्यास रुग्णापुढील कायदेशीर मार्ग

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांना उपचारासाठी देण्यात आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले आणि तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. या घटनेला चार दशके होत असताना, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. औषधातील विषारी घटक तोच होता. त्याचे अनुज्ञेय प्रमाण ०.१ टक्का असताना तामिळनाडूतील तपासणीत ते ४८.६ टक्के आढळले.

धाराशिव जिल्ह्याच्या शेजारीही असाच प्रकार उघडकीस आला. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला पुरविलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत मूळ औषधच नसल्याचे तपासणीत दिसून आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुरवठादारांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. कळंब तालुक्यातील अनेक रुग्ण उपचारासाठी अंबाजोगाईला जातात. भूम-परंड्याचे रुग्ण बार्शीला, तुळजापूरचे सोलापूरला, उमरगा-लोहाऱ्याचे सोलापूर वा लातूरला जातात. औषध एका जिल्ह्यात लिहून दिले जाते, दुसऱ्या जिल्ह्यात विकत घेतले जाते आणि अपाय घरी आल्यावर दिसतो. अशा वेळी दाद कोठे व कोणाविरुद्ध मागावी, याची माहिती सर्वसामान्य रुग्णाला क्वचितच असते. तिचा हा संक्षिप्त आढावा.

अपाय आणि दोष यांतील फरक

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या कायद्यात भरपाई मिळते ती अपायाबद्दल नव्हे, तर अपायाला कारणीभूत झालेल्या दोषाबद्दल. प्रत्येक गुणकारी औषधाला काही दुष्परिणाम असतात. योग्य औषध, योग्य मात्रेत, आवश्यक खबरदारी घेऊन दिले आणि तरीही त्रास झाला, तर कायद्याच्या दृष्टीने कोणी दोषी ठरेलच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ या एकाच वर्षी दिलेले दोन निकाल हा फरक स्पष्ट करतात. मुंबईच्या नानावटी रुग्णालयातील मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला अमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देण्यात आली आणि आपल्याला बहिरेपणा आला, अशी त्याची तक्रार होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याला भरपाई मंजूर केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रक्तातील जंतुसंसर्ग जिवावर बेतणारा होता, तपासणीत हेच औषध परिणामकारक ठरत होते आणि प्राण वाचविण्यास प्राधान्य देणे हा निष्काळजीपणा नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले.

दुसरे प्रकरण अनुराधा साहा यांचे. कोलकात्यात त्वचेच्या विकारावर उपचार सुरू असताना त्यांना दीर्घकाळ परिणाम करणारे एक स्टेरॉईड दिवसातून दोनदा देण्यात आले. एवढ्या वारंवार ते देण्यास निर्मात्याच्या शिफारशीत आधार नव्हता. पुढे त्यांना मुंबईत हलविण्यात आले आणि २८ मे १९९८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. येथे न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ५ कोटी ९६ लाख रुपये व त्यावरील व्याज अशी भरपाई मंजूर झाली. पहिल्या प्रकरणात औषध धोक्याचे असले तरी त्याची निवड समर्थनीय होती, दुसऱ्यात मात्राच चुकली होती. म्हणून तक्रार करण्यापूर्वी दोष कोणाचा, याचा विचार आधी झाला पाहिजे. औषध तयार करणारी कंपनी, लिहून देणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार, की यांपैकी कोणीही नाही? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा मार्ग अवलंबून असतो.

पहिल्या काही दिवसांत काय करावे

बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी फसतात आणि हा पुरावा अगदी सुरुवातीच्या दिवसांतच नाहीसा होतो. त्रास झाल्याच्या रागात घरचे लोक उरलेले औषध फेकून देतात, रिकामे पाकीट केरात जाते आणि बिल तर मुळात घेतलेलेच नसते. यासाठी पुढील गोष्टी जपून ठेवणे अत्यावश्यक आहे : डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, बिल, उरलेल्या गोळ्या वा बाटली, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख असलेले वेष्टन आणि त्रास कधी, कसा सुरू झाला याची तारीखवार नोंद. अनेक दुकानांत गोळ्यांची पट्टी कापून देतात, तेव्हा बॅच क्रमांकाचा भाग दुकानातच राहतो. बिलावर हा क्रमांक लिहिलेला असतो. बिल मागण्याचे खरे महत्त्व यात आहे.

ज्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेथील संपूर्ण नोंदी मागाव्यात. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे सांभाळून ठेवणेही त्यांचे कर्तव्य आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. कोणते औषध किती वाजता, किती मात्रेत दिले याची नोंद परिचारिकांच्या तक्त्यात असते आणि वादाचा निर्णय पुष्कळदा तीच करते.

औषधच सदोष असल्याची शंका असेल तर

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा या विषयातील मुख्य कायदा. त्याच्या कलम २६ ची माहिती फार थोड्यांना आहे. या कलमान्वये कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना आपण विकत घेतलेले औषध ठराविक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि त्याच्या स्वाक्षरीचा अहवाल मिळवू शकते. त्यासाठी वकील लागत नाही.

तथापि उघडलेल्या बाटलीच्या तपासणीवर कंपनी आक्षेप घेते. औषध घरी नीट ठेवले नव्हते, त्यात नंतर काही मिसळले असावे, असा बचाव केला जातो. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या धाराशिव येथील सहायक आयुक्त (औषधे) यांच्या कार्यालयात बॅच क्रमांकासह लेखी तक्रार देऊन त्याच बॅचचे न उघडलेले औषध दुकानातून वा गोदामातून नमुन्यादाखल घेण्याची विनंती करावी. औषध निरीक्षकाला तसा अधिकार आहे. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात आणि अहवालाला आव्हान दिले गेल्यास कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे फेरतपासणी होते. प्रशासनाचा राज्यस्तरीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००२२२३६५ हा आहे.

बनावट किंवा भेसळयुक्त औषधाने मृत्यू वा गंभीर इजा होण्याचा संभव असेल, तर २००८ च्या दुरुस्तीनुसार किमान दहा वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. वसूल झालेला हा दंड, ज्याने ते औषध घेतले त्या व्यक्तीला आणि ती हयात नसल्यास तिच्या नातेवाईकाला भरपाई म्हणून द्यावा, असे हाच कायदा सांगतो. येथे कायद्याने 'विकत घेणारा' असे न म्हणता 'वापरणारा' असे म्हटले आहे. शासकीय रुग्णालयातून मोफत औषध मिळालेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा शब्द मोलाचा आहे.

या कायद्याखालील खटला औषध निरीक्षकाप्रमाणेच बाधित व्यक्ती आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही दाखल करू शकते. पोलिसांना मात्र या कायद्याच्या औषधविषयक गुन्ह्यांसाठी परस्पर प्राथमिक माहिती अहवाल नोंदविता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला आहे. फसवणुकीसारख्या सर्वसाधारण गुन्ह्यांचा तपास पोलीस करू शकतात. म्हणून पोलीस ठाण्याबरोबर औषध प्रशासनाकडेही तक्रार गेलीच पाहिजे.

उत्पादकाकडून भरपाई मिळविण्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने 'उत्पादन दायित्वा'चे स्वतंत्र प्रकरण आणले. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. निर्मितीतील वा रचनेतील दोष, ठरविलेल्या मानकांशी विसंगती आणि वापराबाबत पुरेशा सूचना वा इशारे नसणे या कारणांवरून उत्पादकाला जबाबदार धरता येते. तथापि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांच्या बाबतीत कलम ८७ मधील एक अपवाद लक्षात ठेवावा. जे उत्पादन कायद्याने केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावयाचे आहे, त्याविषयीचा इशारा उत्पादकाने वाजवी मार्गाने त्या तज्ज्ञापर्यंत पोहोचविला असेल, तर इशारा दिला नाही या कारणासाठी उत्पादक जबाबदार राहत नाही. म्हणजेच कंपनीने डॉक्टरला सांगितले आणि डॉक्टरने रुग्णाला सांगितले नाही, तर प्रश्न डॉक्टरकडे वळतो.

डॉक्टरांचा निष्काळजीपणा

चुकीचे औषध वा चुकीची मात्रा, ज्ञात ॲलर्जीकडे दुर्लक्ष, परस्परांना मारक औषधे एकत्र देणे, मूत्रपिंड वा यकृताच्या विकारात आवश्यक तपासण्या न करणे, त्रासाची तक्रार करूनही औषध न थांबविणे ही निष्काळजीपणाची नेहमीची उदाहरणे होत. कसोटी अशी की, त्या परिस्थितीत त्याच शाखेच्या सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केले असते, त्यापासून ढळणे घडले काय? उपचाराला यश न येणे किंवा दुसऱ्या डॉक्टरचे मत वेगळे असणे एवढ्याने दोष सिद्ध होत नाही. त्यामुळे त्या शाखेच्या स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मत जोडणे हितावह असते. मात्र प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत आवश्यकच आहे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात स्पष्ट केले.

आपली शाखा सोडून औषध देणाऱ्यांबाबत न्यायालयाची भूमिका अधिक कठोर आहे. मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्यानंतर रुग्ण दगावला, त्या पूनम वर्मा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कृती हाच निष्काळजीपणा मानून तीन लाख रुपये भरपाई दिली. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीने औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना काही मुभा देण्यात आली, तिच्यावरून वाद न्यायालयात गेला. सबब, औषध लिहून देणाऱ्याची पदवी, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या परिषदेकडे नोंदणी आहे हे रुग्णाने चिठ्ठीवरून पाहून ठेवावे.

औषध विक्रेत्याची जबाबदारी

चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असे औषध परस्पर देणे, लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरेच देणे, मुदत संपलेले औषध विकणे, इन्सुलिनसारखी शीत तापमानात ठेवावयाची औषधे बाहेर ठेवणे या बाबी विक्रेत्याच्या अंगावर येतात. अनुसूची 'एच-१' मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे त्याला बंधनकारक आहे. या नोंदीत रुग्णाचे व डॉक्टरचे नाव असते. बिल हरवले असल्यास ती पुरावा म्हणून मागविता येते.

उत्पादक कोण हेच समजत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावणे शक्य नसेल, तर २०१९ च्या कायद्याने विक्रेता उत्पादकाच्या जागी येतो. ही शक्यता कल्पनेतली नाही. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या नमुन्यात औषधी घटक नव्हता आणि वेष्टनावर छापलेली गुजरातमधील कंपनी अस्तित्वातच नसल्याचे पुढे आढळले होते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी व्ही. पी. शांता प्रकरणात ठरविले. नव्या कायद्याखालीही ही स्थिती कायम असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यास दुजोरा दिला.

नव्या कायद्याचा धाराशिवकरांना झालेला मोठा लाभ म्हणजे तक्रारदार जेथे राहतो वा कामधंदा करतो, त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. उपचार पुण्यात झालेले असोत वा सोलापुरात आणि कंपनी कोणत्याही राज्यातील असो, धाराशिवच्या जिल्हा आयोगात दाद मागता येईल. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारात येते. येथे विचारात घ्यावयाची रक्कम औषधासाठी वा उपचारासाठी दिलेली असते, मागितलेल्या भरपाईची नव्हे. ही रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विलंब झाल्यास सबळ कारण द्यावे लागते.

तक्रारदाराला स्वतः बाजू मांडता येते आणि तक्रार 'ई-जागृति' या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. रुग्ण हयात नसेल तर त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. औषध तपासणीची गरज असेल तर आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवितो. कायद्याने निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले असले, तरी प्रत्यक्षात वेळ बराच अधिक लागतो. अनुराधा साहा प्रकरणाचा अंतिम निकाल मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी लागला, हे विसरता येत नाही. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

शासकीय रुग्णालयातील रुग्णांचे काय?

जिल्ह्यातील मोठा वर्ग शासकीय रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर विसंबून आहे. शांता प्रकरणातील निकालानुसार जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, तेथील रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. नाममात्र नोंदणी शुल्कानेही स्थिती बदलत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये उपचार निःशुल्क झाले. रुग्णांना त्याचा दिलासा मोठा आहे, परंतु ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे अधिक अरुंद झाले. त्याच रुग्णालयाच्या चिठ्ठीवर औषध बाहेरच्या दुकानातून पैसे देऊन घेतले असेल, तर त्या औषधापुरता रुग्ण ग्राहक असतो. शासकीय योजनेखाली विमा कंपनीने रुग्णालयाला पैसे दिले असतील, तर विमा कंपनीने मोबदला दिलेली सेवा विनामूल्य मानता येणार नाही, या शांता निकालातील तत्त्वाचा आधार घेता येतो.

ग्राहक ठरत नसलेल्या रुग्णालाही दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. याचे उदाहरण मराठवाड्यातीलच आहे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहून तिचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेल्या या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरून ३६ हजार रुपयांची भरपाई कायम केली. हे प्रकरण औषधाचे नव्हते, पण शासनाच्या उत्तरदायित्वाचे तत्त्व तेच आहे. दिवाणी दाव्यास साधारणतः तीन वर्षांची, तर मृत्यूप्रकरणी वारसांच्या दाव्यास दोन वर्षांची मुदत असते. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मूलभूत हक्कांचा भंग उघड असेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे रिट याचिकाही करता येते.

स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

फौजदारी तक्रार आणि वैद्यकीय परिषद

डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा असावा लागतो, असे जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये ठरले. पोलिसांनी कारवाईपूर्वी शक्यतो शासकीय सेवेतील त्या शाखेच्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, असेही न्यायालयाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये अशा मृत्यूस कारण ठरलेल्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केल्यास डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते, परंतु परिषद भरपाई देत नाही. हे मार्ग एकमेकांना पर्यायी नाहीत, ते एकाच वेळी चालू शकतात. ज्याला उपचाराच्या खर्चाची भरपाई हवी आहे, त्याने केवळ फौजदारी तक्रारीवर विसंबून दोन वर्षांची मुदत घालवू नये.

कोणाचाच दोष नसेल तर

औषध निर्दोष, डॉक्टर दक्ष, दुकानदार प्रामाणिक, तरीही रुग्णाची दृष्टी गेली किंवा त्वचा सोलून निघाली, असे घडते. अशा रुग्णाला आपल्याकडे कोणतीही भरपाई नाही. जपानमध्ये औषधांमुळे हजारो नागरिकांना कायमचे अपंगत्व आल्यानंतर १९७९ साली कायदा झाला आणि १९८० पासून तेथे योग्य रीतीने घेतलेल्या औषधाच्या गंभीर दुष्परिणामासाठीही साहाय्य मिळू लागले. त्यासाठी औषध कंपन्यांकडून निधी गोळा केला जातो. स्वीडनमध्ये अशा अपायासाठी विम्याची सोय १९७८ पासून आहे. भारतात अशा सर्वसाधारण योजनेचा अभाव आहे आणि तिचा विचार व्हावयास हवा.

तोवर रुग्णाच्या हाती एक गोष्ट आहे. २०१० पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे दुष्परिणामाची नोंद कोणीही नागरिक करू शकतो. त्यासाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे आणि निःशुल्क क्रमांक १८००१८०३०२४ आहे. या नोंदीने भरपाई मिळत नाही आणि ती न्यायालयीन तक्रारीची जागाही घेत नाही. परंतु एकाच औषधाविषयी अनेक ठिकाणांहून नोंदी आल्या की इशारे बदलतात, प्रसंगी औषध मागे घेतले जाते. लोहाऱ्यातील एका रुग्णाने केलेली नोंद दुसऱ्या कोण्या गावातील रुग्णाच्या उपयोगी पडू शकते. रुग्णाने बिल मागावे, वेष्टन जपावे, नोंदी लेखी मागाव्यात आणि दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवावी. एवढे केले तर कायद्याने दिलेले हे अधिकार वापरता येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.